बाईंसाठी पाच स्पीकर

कृष्णेच्या काठी, एका तालुक्याच्या गावात धनपाल उपाध्ये नावाचा एक कारागीर ॲम्प्लिफायर बनवत असे. साधेसुधे नव्हेत, व्हॉल्व्हचे. वर काचेच्या नळ्या, त्यांच्या आत निखाऱ्यासारखी लाल होणारी तार आणि खाली सागवानी पेटी. एक पेटी पुरी व्हायला त्याला महिना लागे. ट्रान्सफॉर्मरची तार तो स्वतः गुंडाळायचा. मधेच कुणी बोललं आणि वेढे मोजताना चुकले, तर सगळी तार उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. त्याच्या पेटीवर गाणं ऐकलं की गाणारं माणूस समोर येऊन बसल्यासारखं वाटे. लांबलांबचे लोक त्याला नावाजत, आणि धनपालला ते ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याच बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाला रझाक मुजावरचं दुकान होतं. तोही ॲम्प्लिफायरच बनवायचा, पण ट्रान्झिस्टरचे. त्याच्या पेट्या हलक्या, थंड आणि दणकट. दिवसभर चालवा, कुरकुर नाही. लग्नाच्या मांडवापासून कुस्तीच्या फडापर्यंत गावात जिथे आवाज लागे, तिथे रझाकची पेटी असे.

दोघे एका वर्गातले. एकेकाळी दुकानही एकच होतं आणि पाटीवर दोघांची नावं होती. मग एकदा गिऱ्हाइकांसमोर धनपाल बोलून गेला, "रझाकच्या पेटीतून आवाज येतो, गाणं येत नाही." रझाकही काही कमी नव्हता. तो म्हणाला, "आणि धनपालच्या पेटीवर चहा उकळतो." लोक हसले. ते हसू दोघांनाही झोंबलं. वर्षाच्या आत पाटी उतरली. त्याला आता बावीस वर्षं झाली होती. रस्त्यात समोरासमोर आले तर दोघे मान हलवत, पण थांबून बोलत नसत.

या दोघांना लहानपणी गाणं शिकवलं ते हर्डीकरबाईंनी. गावच्या शाळेत बाईंनी छत्तीस वर्षं गाणं शिकवलं. त्यांची एक रीत होती. मुलांना त्या समोर रांगेत बसवत नसत. हॉलच्या चारी भिंतींना उभं करत आणि स्वतः मधोमध खुर्ची टाकून बसत. मागचा एखादा चुकला तर मान न वळवता त्याचं नाव घेत. शाळेच्या प्रार्थनेला चाल त्यांनीच लावली होती.

त्या हॉलची कौलं गळायला लागली, भिंती फुगल्या आणि शाळेने तो पाडायचा ठरवला. तेव्हा बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, की शेवटचं एकदा त्या हॉलमध्ये उभं राहून प्रार्थना म्हणायची आणि बाईंना मधल्या खुर्चीत बसवायचं. कुणी नोकरीच्या गावाहून आलं, कुणी सासरहून आलं. पुण्यात रेकॉर्डिंगचं काम करणारा एक विद्यार्थी पाच माइक घेऊन आला. पण दोनच दिवस आधी बाई अंगणात पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. मधली खुर्ची रिकामीच राहिली. तिच्याभोवती पाच दिशांना पाच माइक ठेवले आणि सगळ्यांनी प्रार्थना म्हटली. धनपाल डाव्या भिंतीला उभा होता, रझाक मागच्या.

बाईंचं ऑपरेशन करण्याजोगं वय नव्हतं. त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांची मुलगी अरुंधती नोकरीवर रजा टाकून घरी राहिली. तिने आईला मोबाइलवर ते रेकॉर्डिंग ऐकवलं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "अरू, माझी मुलं डबीत कोंडलीत का गं?"

मग पुण्याच्या विद्यार्थ्याने पाच स्पीकर पाठवले. आवाजाच्या पाच वाटा वेगळ्या करून देणारं एक खोकंही पाठवलं. समोर तीन स्पीकर आणि उशाच्या मागे दोन, असे ठेवले तर बाईंना आपण हॉलच्या मधोमध बसलोय असं वाटणार होतं. राहिले ते ॲम्प्लिफायर. त्यासाठी अरुंधती धनपालकडे आली.

"पाचही मी करतो," धनपाल म्हणाला. "पाच महिने दे."

 अरुंधती म्हणाली, "दादा, डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय. पाच महिन्यांचं काही सांगता येत नाही. आणि आईची खोली केवढीशी. पाच व्हॉल्व्हच्या पेट्या लावल्या तर तिला उकडून जीव नको होईल."

 धनपालने स्वतःसाठी बनवलेली एक मोठी पेटी त्याच्या घरात होती. तीन स्पीकर तिच्यावर सहज चालले असते. ती त्याने कधी कुणाला दिली नव्हती. "समोरच्या तिघांना ती लावतो," तो म्हणाला. "मागच्या दोघांचं बघू."

"मागच्या दोघांचं आईने ठरवलंय," अरुंधती म्हणाली. "ती म्हणाली, पुढचं धनपाल करेल, मागचं रझाक करेल. दोघांना सांग, बाईंनी सांगितलंय."

बाईंनी सांगितलंय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? धनपालने रविवारी सकाळी आपली पेटी नेऊन खिडकीजवळच्या जुन्या बोर्डवर लावली. समोरचे तीन स्पीकर वाजवून पाहिले. आवाज असा स्वच्छ आणि गोड आला, की बाईंनी पांघरुणाबाहेर हात काढून ठेका धरला.

"गाणं छान लागलंय रे," त्या म्हणाल्या. "पण सगळी मुलं समोर का उभी केलीस? मागची कुठे गेली?"

"ती रझाककडे आहेत, बाई."

दुपारी रझाक आला. त्याने आपली पेटी दाराजवळ, स्वयंपाकघरातून आणलेल्या नव्या लाइनवर लावली. मागचे दोन स्पीकर वाजवले. तेही स्वच्छ. मग अरुंधतीने दोघांना एकत्र बसवलं आणि दोन्ही पेट्या त्या खोक्याला जोडल्या.

पाचही स्पीकरमधून एकदम घूं असा आवाज यायला लागला. दुरुस्ती करणारे लोक त्याला हमिंग म्हणतात. माशी कानाशी घोंघावत राहावी तसा तो आवाज, थांबायचं नाव नाही. त्याच्यावर प्रार्थना सुरू झाली, पण घूंखाली शब्द बुडून गेले. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

धनपाल उठला आणि रझाकच्या पेटीची वायर उपटली. घूं बंद.

"बघ," तो अरुंधतीला म्हणाला. "दोष कुणाचा ते."

रझाक उठला. त्याने आपली वायर पुन्हा जोडली आणि धनपालची उपटली. घूं बंद.

"बघ," तोही अरुंधतीला म्हणाला. "आता बोल."

दोघांचाही पुरावा बरोबर होता. म्हणूनच दोघांनाही दुसऱ्याचं ऐकवेना.

"जुने व्हॉल्व्ह आहेत," रझाक म्हणाला. "घूं येणारच. आता ते कपाटात ठेवायचे, वाजवायचे नाहीत."

धनपालचे कान तापले.  त्याने आपली पेटी उचलली, छातीशी धरली आणि घरी निघाला. "हिच्यात दोष नाही हे दाखवून मगच परत आणीन," एवढंच तो दारात म्हणाला.

रविवारची संध्याकाळ आणि सोमवारची सकाळ त्याने पेटी उघडून तपासण्यात घालवली. एकेक नळी काढून पाहिली. कंडेन्सर बदलले. पेटी आधीही निर्दोष होती, आताही निर्दोषच निघाली. सोमवारी दुपारी जेवायला बसला असताना, घास हातात असतानाच त्याच्या लक्षात आलं.

आपली पेटी खिडकीच्या बोर्डवर होती. रझाकची स्वयंपाकघराच्या लाइनवर. जुन्या घराची अर्थिंग एक, नव्या लाइनची दुसरी. पेट्या वेगळ्या होत्या तोवर काही बिघडत नव्हतं. मधल्या वायरींनी त्या जोडल्या, की दोन अर्थिंगमधला फरक त्या वायरींतून फिरायला लागत होता. घूं होती ती हीच. कुणाचीही वायर उपटली की तो फेरा तुटत होता, म्हणून दोघांनाही दोष समोरच्याचा वाटत होता. दोन्ही पेट्या एकाच बोर्डवर लावायच्या, एक जाड वायर टाकून त्यांची पत्र्याची बुडं एकमेकांना जोडायची, की काम झालं. दोष त्याच्या पेटीत नव्हता. रझाकच्याही पेटीत नव्हता.

धनपाल तसाच उठला आणि हात धुऊन चपला घालायला गेला. उंबऱ्याशी येऊन थांबला.

जाऊन सांगायचं काय? तुझी पेटी निर्दोष आहे, म्हणून? मी बाईंच्या देखत तुझी वायर उपटली, ते चुकलं, म्हणून? आणि कपाटात ठेवायचे व्हॉल्व्ह म्हणाला तो कोण? त्याने नको का आधी यायला? त्याने येऊन नुसतं विचारावं, "धनपाल, काय असेल रे?" मी लगेच सांगेन. तेवढं विचारू दे त्याला.

तो परत आत आला आणि जेवला.

मंगळवारी अरुंधतीचा फोन आला. "दादा, आई विचारते आज होईल का?"

"माझी पेटी तयार आहे. रझाकला म्हणावं, एकदा येऊन भेट."

संध्याकाळी तिचा पुन्हा फोन. "रझाकभाई म्हणतात, धनपालने एकदा फोन करावा."

"मी का करू? बाईंच्या देखत बोलला तो."

पलीकडून अरुंधती म्हणाली, "तुम्हीही काही कमी बोलला नव्हतात, दादा," आणि तिने फोन ठेवला. बुधवारी तिने फोन केला नाही.

गुरुवारी धनपालला राहवलं नाही. पेटी न घेताच तो बाईंना बघायला गेला. चार दिवसांत बाई केवढ्या उतरल्या होत्या! गालफडं बसली होती. डोळे मिटलेले होते, पण चादरीवर बोटं हळूहळू हलत होती. दाराजवळ रझाकची पेटी आणि उशामागे दोन स्पीकर तसेच पडून होते, वर एक फडकं टाकलेलं.

पावलांचा आवाज ऐकून बाईंनी विचारलं, "कोण, धनपाल? जमलं का रे?"

"माझं जमलंय, बाई. त्याचं राहिलंय."

बाईंनी डोळे उघडले. वर्गात बेसूर लागलं की बघायच्या तसं त्याच्याकडे बघितलं.

"मी तुझं नाही विचारलं, आणि त्याचंही नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "मी गाण्याचं विचारलं."

धनपालची मान खाली गेली. तो उठला आणि सरळ बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागला. मनाशी त्याने वाक्यही जुळवलं होतं. पण रझाकच्या दुकानात चारपाच माणसं बसली होती आणि कशावरून तरी सगळी मोठ्याने हसत होती. ती कशाला हसत होती, देव जाणे. धनपालला मात्र बावीस वर्षांपूर्वीचं हसू ऐकू आलं. तो दुकानावरून तसाच पुढे गेला, चौकाला वळसा घालून घरी आला. रविवारी जाऊ, त्याने ठरवलं. रविवारी दुकानात गर्दी नसते.

शनिवारी दुपारी बाई गेल्या. अरुंधती त्यांना पेज भरवत होती. दोन चमचे घेतले, तिसऱ्याला तोंड उघडलं नाही.

धनपाल पोचला तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. जुने विद्यार्थी होते, शेजारी होते. रझाक कंपाउंडच्या भिंतीला टेकून एकटाच उभा होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. या वेळी कुणी मानही हलवली नाही. बाईंना घाटावर नेलं तेव्हा दोघेही खांदेकऱ्यांत होते, एक पुढे आणि एक मागे.

दिवसकार्य आटोपल्यावर अरुंधतीने फोन केला. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "दादा, खोली आवरायची आहे. तुमच्या वायरी इथे राहिल्यात. रझाकभाईंनाही पेटी न्यायला सांगितलंय."

धनपालने पेटी उचलली आणि तडक रझाकचं दुकान गाठलं. आज माणसं होती की नव्हती, ते त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"चल," तो म्हणाला.

कुठे, कशाला, रझाकने काही विचारलं नाही. फळीवरची एक कापडी पिशवी घेतली आणि दुकानाला कुलूप लावलं.

अरुंधतीने दार उघडलं. धनपालच्या हातात पेटी बघून ती म्हणाली, "हे काय? न्यायला बोलावलं होतं तुम्हाला. आता कशाला?"

"एकदाच लावू दे, अरू," धनपाल म्हणाला. "मग सगळं नेतो."

ती बाजूला झाली. खोलीतली गादी गुंडाळलेली होती. लोखंडी खाट मात्र होती तिथेच होती. धनपालने पेटी खाली ठेवली आणि रझाककडे वळून म्हणाला, "दोन्ही एका बोर्डवर घ्यायच्या. आणि बुडं जोडायला एक जाड वायर—"

तो बोलायचा थांबला. रझाकने पिशवीतून वायर काढली होती. हिरवी, जाड, बरोबर हातभर कापलेली. दोन्ही टोकांना सोल्डर लावून तयार. सोल्डरची चमक गेली होती. दोन्ही पेट्या लावता येतील असा लांब बोर्डही पिशवीत होता.

"ही कधी केलीस?" धनपालने विचारलं.

"मंगळवारी," रझाक म्हणाला. "तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

 एकाने पेट्या बोर्डवर घेतल्या, दुसऱ्याने वायर जोडली. स्विच दाबला. नळ्या हळूहळू लाल झाल्या. धनपालने स्पीकरला कान लावला. घूं नव्हती. काहीच नव्हतं.

मग प्रार्थना सुरू झाली. समोरून पहिली ओळ आली, गोड आणि मोकळी. तिला उत्तर द्यावं तशी मागून दुसरी ओळ उठली, भरदार, एवढ्या सगळ्या गळ्यांची. डावीकडून, उजवीकडून, उशाकडून माणसंच माणसं उभी राहिली. हॉलच्या कौलांवर आवाज चढायचा तसा छताशी चढला. व्हॉल्व्ह कुठे संपतो आणि ट्रान्झिस्टर कुठे सुरू होतो, ते दोघा बनवणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. अरुंधती भिंतीला टेकून ऐकत होती. खाटेवर कुणी बसलं नाही.

प्रार्थना संपली. डोळे पुसून अरुंधतीने विचारलं, "दादा, हे किती वेळाचं काम होतं?"

धनपालने रझाककडे बघितलं नाही. लाल नळ्यांकडेही बघितलं नाही.

"पंधरा मिनिटांचं," तो म्हणाला.

"मग केलं का नाहीत?"

खोटं बोलायला वाव होता. तपासायला वेळ लागला, सुटा भाग मिळत नव्हता, काहीही सांगता आलं असतं, आणि तिने ते मानलंही असतं. पण बाईंच्या खोलीत धनपालला ते जमलं नाही.

"मला सोमवारीच कळलं होतं, अरू. रझाक आधी येऊन विचारेल, म्हणून मी थांबलो."

"आणि मी, हा फोन करेल म्हणून," रझाक म्हणाला.

 अरुंधती ओरडली असती, रडली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. तसं काहीच झालं नाही. तिने खिडकी उघडली आणि खाटेखालचा केर काढायला वाकली. दोन म्हातारी माणसं, हातांना काम उरलं नाही म्हणून, वायरी गुंडाळत बसली.

तात्पर्य: दोघांनी मिळून करायच्या कामात आधी कोण नमतो याची वाट पाहू नये, कारण ज्याच्यासाठी ते काम हाती घेतलं, त्याच्याकडे तेवढा वेळ असेलच असं नाही.